लुगड्याचा काठ

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. मी वाडीत कांद्याचं रोप लावत होते. सकाळचे नऊ वाजले असतील. थंडी होती, पण ऊन अंगाला लागायला लागलं होतं. माझी नात मागे खेळत होती. तेव्हा ती सव्वादोन वर्षांची. ती गुमान होती म्हणून मी मनात म्हणत होते, शहाणं लेकरू आहे, कामाला आड येत नाही. एक वाफा संपला, कंबर सरळ करायला उठले, मागे वळून पाहते तर अर्धा वाफा उपटलेला. एकेक रोप उपटून तिनं धुऱ्यावर नीट रांगेत ठेवलं होतं. मला पाहून हसली आणि म्हणाली, "आजी, गवत."

खोटं कशाला सांगू, माझा हात उगारला गेला. मारलं नाही, पण उगारलेला हात लेकरू ओळखतं. तिचा चेहरा उतरला. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. कळावं तरी कसं? आदल्या दिवशी मी वांग्यात निंदण करत होते आणि ती बाजूला बसून पाहत होती. आजी हिरवं काहीतरी उपटते आणि धुऱ्यावर टाकते, एवढंच तिनं पाहिलेलं. तिनं तेच केलं. उलट माझ्यापेक्षा नीट केलं. मी गवत फेकत होते, तिनं ओळीनं मांडून ठेवलं.

कुंपणापलीकडे शेजारीण धुणं वाळत घालत होती. तिनं सगळं पाहिलं आणि म्हणाली, "काऊन एवढा तरास करून घेतेस वं बाई? मोबाईल दे तिच्या हाती. माही नात दोन घंटे हालत नाई."

मी दिला. सुनेचा जुना मोबाईल घरात होता. आंब्याखाली पोतं टाकलं, तिला बसवलं, गाणी लावून दिली. मग माझं काम सरसर झालं. उपटलेली रोपं पुन्हा लावली, पुढचे दोन वाफे लावले, पाणी सोडलं. मधून मधून तिच्याकडे नजर टाकत होते. खरंच हालत नव्हती. नाकाला शेंबूड आलेला, गालावर माशी बसलेली, तिचं भान नाही. डोळे उघडे, पण वाडीत नाहीत.

ते पाहिलं आणि माझ्या हातातलं रोप हातातच राहिलं. लेकराची ही अशी बैठक मी आधी पाहिली होती. मोबाईल गावात यायच्या कितीतरी वर्षं आधी, माझ्या स्वतःच्या लेकराची.

१९८८ साल. ते साल मी विसरणार नाही, कारण त्याच वर्षी २२ एप्रिलला आमच्या गोसीखुर्दला राजीव गांधी आले आणि वैनगंगेवरच्या धरणाचं भूमिपूजन झालं. थोरल्याला कडेवर घेऊन मीही गर्दीत उभी होते. तो दीड वर्षाचा होता. उन्हानं लाल झालेला, पदराखाली डोकं घालून झोपलेला. आमचं नदीकाठचं वावर जाणार की राहणार, याच्या चर्चा घरोघरी चालल्या होत्या. उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगरवाडी लावणाऱ्या घरांना तर वेगळीच काळजी. पण पोटाचं काम चर्चेसाठी थांबत नाही. मिरग लागला, पऱ्हे टाकले, आणि आषाढात रोवणा सुरू झाला.

ज्यांनी धानाची रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चिखल केलेल्या बांधीत घोटाभर पाणी असतं. बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि मागे मागे सरकत पऱ्ह्याची रोपं चिखलात रोवत जातात. आमची बारा बायांची टोळी होती. हुंड्यानं रोवायचो, म्हणजे एकराचा भाव ठरवून, रोजानं नाही. हुंड्यात एक बाई उठली की ओळ मोडते, आणि बाकीच्या अकरा जणींचं काम लांबतं. तोंडानं कुणी बोलत नाही, पण नजर लागते. घरी सासू होती, पण ती स्वतः ओळीत होती. नवरा चिखलणीला. लेकराला घरी कुणाजवळ ठेवायचं?

मी जुन्या लुगड्याचा काठ फाडून घेतला. काठ मजबूत असतो, लवकर तुटत नाही. त्याचं एक टोक बांधीच्या पारीवरच्या मोहाच्या झाडाला बांधलं, दुसरं लेकराच्या घोट्याला. मधे पाच-सहा हात लांबी. पाण्यापर्यंत पोचणार नाही अशी मोजून. खाली पोतं, वर सावली, बाजूला एक पोळी आणि पाण्याचा लोटा.

पहिल्या दिवशी तो दुपारपर्यंत रडला. माझ्या अंगावरचं दूध चोळीतून वाहत होतं आणि हात पऱ्हे रोवत होते. मी एकदा उठायला लागले तर सासू म्हणाली, "बस. आमीबी असेच वाढवले. बांधलं लेकरू जित्तं रायते." तिचं बोलणं कठोर होतं पण खोटं नव्हतं. बांधीतल्या घोटाभर पाण्यात पालथं पडलेलं लेकरू ओरडतही नाही. पारीच्या बिळात मण्यार असतो. दुसऱ्या दिवशी तो कमी रडला. तिसऱ्या दिवशी थोडाच. चौथ्या दिवशी रडलाच नाही. पोत्यावर बसून, हात मांडीवर ठेवून, समोर पाहत राहिला. गालावर माशी बसलेली, तिचं भान नाही.

त्या दिवशी मला आनंद झाला होता. हे मी मुद्दाम लिहिते. मला वाटलं, सुटले. लेकरू सवयीचं झालं.

आता गावातल्या नव्या सुना मला विचारतात, आजी, वाडीत काम करताना लेकराला खुशीत कसं गुंतवून ठेवता? प्रश्न साधा दिसतो. त्याचं साधं उत्तरही आहे, ते पुढे सांगते. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. गुंतवायचं ते कुणासाठी? लेकराच्या खुशीसाठी, की आपल्या सुटकेसाठी? आणि लेकरू गुमान बसलं म्हणजे ते खुशीत आहे, हे आपण कशावरून ठरवतो?

मी दहावीपर्यंत शिकले. पुढे शिकायचं राहिलं, पण वाचनाची ओढ राहिली. पवनीहून कुणी पुस्तक आणलं की मी मागून घेते. वाचताना मला कळलं की ही दोरी एकट्या आमच्या झाडीपट्टीतली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बाया शंभर वर्षांपूर्वी लेकराला अफूची बाळगोळी देऊन पाळीला जायच्या. लेकरू दिवसभर गुंगीत पडून राहायचं. त्या आयांना लेकराची माया नव्हती का? होती. पण गिरणीचा भोंगा थांबत नव्हता. कुणी अफू दिली, कुणी काठ बांधला, आता कुणी मोबाईल देतं. वस्तू बदलली. काम मात्र तिघींचं एकच, लेकराला हालू न देण्याचं.

ह्याच्यावर विचार करणाऱ्या बायाही झाल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. तिथली वारली लेकरं बालवाडीत येईनात. तेव्हा लेकरं येत नाहीत म्हणून त्यांनी लेकरांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली, आणि तिचं नाव पडलं अंगणवाडी. जी पोरं ढोरं चारायला जायची त्यांच्यासाठी कुरणातच शाळा केली, तिला कुरणशाळा म्हणत. मोठी बहीण शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर धाकटं भावंडं असतं, हे त्यांनी ओळखलं आणि पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका जागी आणली. दिल्लीत १९६९ साली गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चाललं होतं, तिथे मजुरांची लेकरं मातीत लोळताना मीरा महादेवन ह्यांनी पाहिली आणि तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. मला ह्या बायांचं नवल वाटतं ते ह्यासाठी, की लेकरू कामाच्या आड येतं असं त्यांनी म्हटलं नाही. काम लेकराच्या आड येतं, असं त्यांनी पाहिलं.

पुढे कायदेही झाले. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला कामाची मजुरी द्यायची. म्हणजे लेकरू सांभाळणं हेही काम आहे, हे सरकारनं कागदावर कबूल केलं. पण कुणाच्या खाजगी बांधीत हुंड्यानं रोवणाऱ्या बाईला तो कागद लागू नव्हता. आणि १९८८ मध्ये तर तोही नव्हता. आजही तीन वर्षांखालच्या लेकराला सहसा अंगणवाडीत बसता येत नाही. त्याचं वजन होतं, डोस मिळतात, आहाराची पाकिटं घरी मिळतात. पण दिवसभर सांभाळायचं ते घरच्यांनीच. आमच्या घरी त्या घरच्या म्हणजे मी. पोरगा नागपूरला कामाला, सून पवनीला कापडाच्या दुकानात. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी आणि नात.

मोबाईल दिला त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की तिला गुंतवायचं नाही, कामात घ्यायचं. दोन्हीत फरक आहे. गुंतवणं म्हणजे माझं काम इकडे, तुझा खेळ तिकडे. कामात घेणं म्हणजे काम एकच, आणि ते दोघींचं.

तिला तिचा एक वाफा दिला. तीन हात लांब, दोन हात रुंद, माझ्या वाफ्यांच्या अगदी शेजारी. लांब दिला असता तर ती तिथे थांबली नसती. लेकराला वाफ्याशी नाही, आजीशी राहायचं असतं. तिची हत्यारंही ठरवली. घरातली जुनी पळी, जर्मनचा एक लहान गंज आणि एक लोटा. खुरपं आणि विळा तिच्या हाताला लागणार नाही असा आंब्याच्या बेचक्यात ठेवायला लागले. बी मोठं दिलं. हरभरा आणि वाटाणा, कारण तिच्या बोटांना ते चिमटीत धरता येतात. मेथीचं बी ती मूठभर एकाच जागी ओतायची. तिथे मेथीची दाढी उगवली, ती तिला फार आवडली.

ती पेरायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उकरून पाहायची, आलं का? मी म्हणायचे, माय, झोपू दे त्याला. ती "झोप" म्हणून वर माती लोटायची आणि परत उकरायची. चार दिवसांत सगळा हरभरा उकरून झाला. मग संध्याकाळी ती घरात गेली की मी गुपचूप दुसरा हरभरा पेरून ठेवायचे. हे लबाडीचं आहे की नाही, यावर मी बराच विचार केला. शेवटी म्हटलं, माझ्या आयुष्यात मीही कितीदा उकरून पाहिलं असेल आणि माझ्या मागे कुणी पेरलं असेल, मला काय माहीत.

आता साधं उत्तर सांगते, कारण ज्यांना घाई आहे त्यांना तेच हवं असतं. वाडीत जाण्याआधी मी काठीनं गवत झोडपते आणि पोत्याखाली पाहते, विंचू-साप असला तर निघून जातो. पाण्याच्या टाक्यावर झाकण, झाकणावर गोटा. बादलीत पाणी राहू देत नाही. बादलीभर पाणी आपल्याला हात धुवायला, पण लेकराच्या जीवावर बेतायला पुरतं. औषधाचा डबा कुलपात, आणि ज्या वाफ्यावर फवारलं त्या वाफ्याकडे तिला नेतच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन जाणती माणसं गेली, तर सव्वादोन वर्षांच्या जीवाचं काय सांगावं. मिरचीच्या ओळीत तिला नेत नाही. आमच्याकडची मिरची भिवापुरी आणि लेकराचा हात हमखास डोळ्याला जातो.

काम मी तुकड्यात करते. तिचं मन एका गोष्टीवर दहा मिनिटं टिकतं, म्हणून माझं कामही दहा मिनिटांचं. दहा मिनिटं निंदण, मग दोघी मिळून पाणी. दहा मिनिटं सांबार काढायचा, मग तिनं जुड्या मोजायच्या. तिची मोजणी एक, दोन, पाच अशी. भेदरं, म्हणजे टमाटर, तोडायला ती फार खूश. लाल तोडायचं सांगितलं की लालही तोडते, हिरवंही. हिरव्यांची चटणी करते. भेदराच्या झाडाला काठी लावून मी जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधते, तेव्हा चिंधी धरायचं काम तिचं. आणि कधी ती काहीच करत नाही. मुंग्यांची रांग पाहत उकिडवी बसते. तेव्हा मी बोलत नाही. त्या वेळीही ती गुमान असते, पण ते गुमान वेगळं. मधेच म्हणते, "आजी, मुंगी पोळी नेते." तिचे डोळे वाडीतच असतात.

हे मी सुनेला मोठ्या अभिमानानं सांगितलं. मोबाईल कसा वाईट आणि माझा वाफा कसा चांगला. ती दिवसभर दुकानात उभी राहून आलेली, एका हातानं भात लावत होती. लेकरू तिच्या पायाला लोंबत होतं. तिनं तिच्या हाती मोबाईल दिला आणि मला म्हणाली, "आई, तुमच्याजवळ वेळ आहे. माझ्याजवळ एक तास आहे, त्यात मला चार जणांचा सैपाक करायचा आहे."

मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. कारण तिचं खरं होतं. धीर ही गुणाची गोष्ट आहे असं आपण म्हणतो. पण निम्मा धीर हा पैशाचा असतो. वाडी माझी स्वतःची आहे. अर्धा वाफा कांदा गेला तर माझ्या हिशोबात जातो. मालक नाही, मुकादम नाही, ओळीतल्या अकरा बायांची नजर नाही. म्हणून मला लेकराकडून रोप उपटून घेणं परवडतं. १९८८ मध्ये माझ्या हिशोबात अर्धा वाफाही नव्हता. मग म्हातारपणी मिळालेल्या फुरसतीला मी माझा चांगुलपणा कसा म्हणू? आणि त्या फुरसतीच्या ढिगावर उभं राहून सुनेला नावं कशी ठेवू? तिचा मोबाईल आणि माझा लुगड्याचा काठ, दोन्ही एकाच गरजेतून आले.

इथपर्यंत आल्यावर वाटलं, चला, हिशोब मिटला. गरज होती, बांधलं. त्यात पाप नाही. सासू म्हणाली तसं, बांधलं म्हणून जित्तं राहिलं. हे लिहून थांबले असते तर माझं मन हलकं झालं असतं. वाचणाऱ्यांनाही बरं वाटलं असतं.

पण एक गोष्ट राहते. ती मी आजपर्यंत कुणाला सांगितली नव्हती.

रोवणा महिनाभरात संपला. श्रावण, भादवा गेला. त्या वर्षी हिवाळ्यात मी घरामागच्या ह्याच वाडीत वांगी आणि वाल लावले होते. हुंडा नव्हता, टोळी नव्हती. पाणी नव्हतं की लेकरू पडेल. सासू ओसरीवर बसून असायची, हाक मारली तर आली असती. आणि तरीही मी वाडीत जाताना तो काठ सोबत नेला. थोरल्याला आंब्याच्या खोडाला बांधलं आणि माझी वांगी निंदत बसले. एक दिवस नाही, पुष्कळ दिवस. तो रडतही नव्हता. त्याला सवय झाली होती. खरं सांगायचं तर सवय मला झाली होती.

रोवण्यातला काठ गरजेचा होता. हिवाळ्यातला सोयीचा होता. काठ तोच, गाठ तीच, लेकराचा पायही तोच. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसला नसता. लेकरालाही दिसला नसेल. पण बांधणाऱ्या हाताला तो फरक कळायला पाहिजे होता आणि मला कळला नाही. गरज कधी संपली ते माझ्या ध्यानातच आलं नाही, कारण सोय तिच्या जागी येऊन बसली होती.

म्हणून आता मी पाप-पुण्याचा प्रश्न वेगळा विचारते. लेकराला बांधलं का, अफू दिली का, मोबाईल दिला का, हा प्रश्न मी दुसऱ्या बाईला विचारत नाही. तिची ओळ मी पाहिलेली नसते. प्रश्न एवढाच, आणि तो ज्याचा त्यानं स्वतःला विचारायचा: गरज सरल्यावर तू गाठ सोडलीस का? माझं उत्तर, नाही. सोडली नाही. पुढच्या वर्षी थोरला मोठा झाला आणि त्यानंच ती सोडवायला शिकून घेतलं.

होळीला पोरगा नागपूरहून आला. ओसरीवर बसून चहा पीत होता. मी त्याला सगळं सांगितलं, रोवण्याचंही आणि हिवाळ्याचंही. त्यानं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "मले काईच आठवत नाई, माय. कायले एवढं लावून घेते?"

मला वाटलं होतं, त्याला सांगितल्यावर बरं वाटेल. वाटलं नाही. ज्याला आठवतच नाही तो माफ कसा करणार? आणि ज्याला आठवत नाही त्याचं काही गेलंच नाही, असं तरी कसं म्हणावं? त्या हिवाळ्यात वाडीत मुंग्या होत्या, वालावर फुलपाखरं होती, ओलं मातीचं ढेकूळ होतं. पाच हातांच्या पलीकडचं सगळं त्याला पाहायचं राहिलं. ते मी आता त्याला देऊ शकत नाही. त्याच्या पोरीला देते, ते फेड म्हणून नाही. कर्ज एकाचं आणि फेड दुसऱ्याला, असा हिशोब कुठल्याही सावकाराच्या वहीत बसत नाही. देते कारण आता मला परवडतं, आणि परवडत असून दिलं नाही तर पुन्हा तेच होईल.

सुनेलाही मी हिवाळ्याचं सांगितलं. ती काही बोलली नाही. दोन-तीन दिवसांनी पाहिलं तर संध्याकाळी लेकरू चुलीपासून दूर, पाटावर बसून लसणाच्या पाकळ्या वेगळ्या करत होतं. निम्म्या जमिनीवर सांडलेल्या. मोबाईल फळीवर होता. दुसऱ्या दिवशी सुनेला घरी यायला उशीर झाला, तेव्हा मोबाईल परत लेकराच्या हातात होता. मी काही म्हटलं नाही.

होळीच्याच आठवड्यात नातीच्या वाफ्यातल्या हरभऱ्याला घाटे धरले. तिनं किती पेरले, मी चोरून किती पेरले, आता सांगता येत नाही. सगळी मिळून अकरा झाडं. एक दिवस तिनं घाटा तोडला आणि टरफलासकट माझ्या तोंडात घातला. मी टरफलासकट चावला. मग ती बापाला बोलवायला पळाली. तो आला, वाफ्याजवळ उकिडवा बसला, आणि तिनं दाखवलं तसा एकेक घाटा सोलायला लागला. त्याला नागपूरची गाडी पकडायची होती. मी म्हटलं, उशीर होईल. तो म्हणाला, होऊ दे.

ह्या वर्षी कांदा कमी निघाला. अर्धा वाफा नातीच्या नावावर लिहिला आहे. दिवाळीनंतर ती अंगणवाडीत बसायला लागेल. तोवर रोज सकाळी आठ वाजता ती पळी आणि गंज घेऊन दारात उभी असते आणि मला हाक मारते, "आजी, चल. काम आहे."